थोर मल्ल कोणता? कारकिर्दी मोजण्याचा एक प्रयत्न

इतिहासाच्या शिक्षकाला विद्यार्थी फक्त सनावळ्या विचारतात असा एक समज आहे. माझा अनुभव तसा नाही. काही वर्षांपूर्वी मधल्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गात शिरलो, तो दोन मुलांचे भांडण अगदी हातघाईवर आलेले. एक महाडच्या मोहल्ल्यातला, दुसरा पोलादपूरकडच्या एका वाडीतला मराठ्याचा मुलगा. एरवी दोघे एकाच एस. टी. स्टँडवर एकाच पिशवीतली बोरे खाणारे. भांडण कशावरून, तर आजोबांवरून! दोघांचेही आजोबा तरुणपणी पैलवान होते. आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता त्या काळी जत्रेत आणि उरुसात त्या दोघांच्या कुस्त्या लागत. "माझ्या आजोबांनी तुझ्या आजोबांना चीत केलं होतं," असे एक म्हणे. "चल! कुस्ती बरोबरीत सुटली होती," असे दुसरा म्हणे.

मी नेहमीच्या सवयीने विचारले, "पुरावा काय?"

"सर, माझे चाचा सांगतात."

"सर, माझी आजी सांगते."

यापुढे दोघांकडेही काही नव्हते. मग त्यांतला एक जरा खट्टू होऊन म्हणाला, "आमचं जाऊ द्या सर. मुहम्मद अली मोठा की फ्रेझर, ते तरी सांगा. त्यांचं तर सगळं लिहिलेलं आहे ना?"

प्रश्न साधा वाटला. मी म्हटले, उद्या सांगतो. पण उत्तर शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले की, लिहिलेले असूनही ते सोपे नाही, आणि न लिहिलेल्याचे तर विचारूच नका. त्या शोधात जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहे.

लिहिलेले आकडे

व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रत्येक लढतीची नोंद होते. लढत कोणाशी झाली, कोठे झाली, किती फेऱ्या चालली आणि निकाल गुणांवर लागला की प्रतिस्पर्धी बाद होऊन, हे सारे त्यात असते. त्यामुळे अवजड गटातील तीन प्रख्यात समकालीनांच्या कारकिर्दी आपल्याला शेजारी शेजारी मांडता येतात.

मुहम्मद अली (जन्म १९४२, मृत्यू २०१६) एकूण ६१ लढती लढला. त्यांपैकी ५६ जिंकला व ५ हरला. विजयांपैकी ३७ प्रतिस्पर्ध्याला बाद करून मिळवलेले. जो फ्रेझर (जन्म १९४४, मृत्यू २०११) ३७ लढती लढला. ३२ विजय, ४ पराभव, १ बरोबरी. २७ विजय बाद करून. जॉर्ज फोरमन (जन्म १९४९, मृत्यू २०२५) ८१ लढती लढला. ७६ विजय, ५ पराभव आणि तब्बल ६८ विजय बाद करून. तिघेही ऑलिंपिक सुवर्णपदकाचे मानकरी होते. अलीने कॅशियस क्ले या नावाने १९६० साली रोमला, फ्रेझरने १९६४ साली टोकियोला आणि फोरमनने १९६८ साली मेक्सिकोला पदक मिळवले.

आता गणिताच्या तासाला करतो तशी टक्केवारी काढू. शंभरात फोरमनचे विजय सुमारे ९४, अलीचे सुमारे ९२ आणि फ्रेझरचे सुमारे ८६ भरतात. म्हणजे फोरमन पहिला, अली दुसरा, फ्रेझर तिसरा. प्रश्न संपला!

पण खरेच संपला का? याच फोरमनला अलीने ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झैरेची राजधानी किन्शासा येथे आठव्या फेरीत आडवे केले. त्याच अलीला ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये फ्रेझरने पंधरा फेऱ्यांच्या लढतीत गुणांवर हरवले होते आणि शेवटच्या फेरीत खालीही पाडले होते. आणि त्याच फ्रेझरला फोरमनने १९७३ साली किंग्स्टन येथे दोनच फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर लोळवले होते. यात चौथा गडी घ्या केन नॉर्टन. त्याने १९७३ साली अलीला हरवले, तर फोरमनने १९७४ साली नॉर्टनला दोन फेऱ्यांत गारद केले. फोरमन फ्रेझरपेक्षा मोठा, फ्रेझर अलीपेक्षा मोठा आणि अली फोरमनपेक्षा मोठा! बीजगणितात अ हा ब पेक्षा मोठा आणि ब हा क पेक्षा मोठा असेल, तर अ हा क पेक्षा मोठा ठरतो. आखाड्यात हा नियम चालत नाही. एकाचा डाव दुसऱ्यावर बसतो, तिसऱ्यावर बसत नाही. आपल्याकडचा कोणताही वस्ताद हे न शिकता सांगेल.

चार कसोट्या

म्हणून नुसती बेरीज न करता इतिहासाच्या अभ्यासकाने आकड्यांना चार प्रश्न विचारले पाहिजेत.

पहिला प्रश्न, कोणाशी? फ्रेझरचे चार पराभव टक्केवारीत त्याला खाली ओढतात. पण ते चारही पराभव दोनच माणसांकडून झाले, दोन अलीकडून आणि दोन फोरमनकडून. या दोघांखेरीज व्यावसायिक लढतीत कोणीही फ्रेझरला हरवू शकला नाही. हे वाक्य टक्केवारीत मावत नाही, पण फ्रेझरची खरी थोरवी त्यात आहे. याउलट रॉकी मार्सियानोची नोंद पाहा. ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ बाद करून. पराभवाच्या रकान्यात शून्य. अवजड गटाच्या विजेत्यांत ही नोंद एकमेव मानली जाते. तरीही त्याने १९५१ साली जो लुईला हरवले तेव्हा लुई ३७ वर्षांचा होता आणि त्याची उमेद ओसरली होती. म्हणून मार्सियानो लहान ठरत नाही. मात्र शून्य हा आकडा आपण समजतो तेवढा बोलका नसतो, एवढे खरे.

दुसरा प्रश्न, कधी? अलीचे पाच पराभव पाहा. फ्रेझर १९७१, नॉर्टन १९७३, स्पिंक्स १९७८, होम्स १९८० आणि बर्बिक १९८१. पाचांपैकी तीन पराभव शेवटच्या चार लढतींतले, वयाच्या ३६ ते ३९ या काळातले आहेत. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट नोंदवहीत कोठेच दिसत नाही. ती म्हणजे रिकामी जागा. व्हिएतनामच्या युद्धात भरती होण्यास अलीने १९६७ साली नकार दिला. त्याचे विजेतेपद आणि परवाना काढून घेण्यात आला. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० अशी तीन वर्षे सात महिने, म्हणजे पंचविसाव्या ते अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, त्याने एकही लढत केली नाही. त्यापूर्वीच्या २९ लढतींत तो एकदाही हरला नव्हता. पुढे १९७१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण गेलेली वर्षे कोणते न्यायालय परत देणार? त्या काळात तो किती जिंकला असता, हे सांगणे इतिहासाचे काम नाही. पण ती जागा रिकामी का राहिली, हे मात्र इतिहासाने लिहिलेच पाहिजे. माणसाच्या कारकिर्दीत त्याने केलेल्या गोष्टींइतकेच, त्याने कशासाठी काय सोडले यालाही वजन असते.

फोरमनच्या नोंदीतही अशीच एक रिकामी जागा आहे. १९७७ साली हरल्यावर तो निवृत्त झाला आणि दहा वर्षांनी परत आला. पहिल्या पर्वात ४५ विजय व २ पराभव, दुसऱ्या पर्वात ३१ विजय व ३ पराभव. नोव्हेंबर १९९४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी तो पुन्हा जगज्जेता झाला. एकाच नावाखाली येथे दोन कारकिर्दी आहेत. त्यांची सरसकट बेरीज करणे म्हणजे बाप आणि मुलगा यांची वये मिळवून घराचे वय सांगण्यासारखे आहे.

तिसरा प्रश्न, कोणत्या नियमांनी? आणि चौथा प्रश्न, नोंद कोणी केली? या दोन प्रश्नांसाठी आपल्याला मुष्टियुद्धाचे रिंगण सोडून मातीत उतरले पाहिजे.

गामा : नोंद आणि दंतकथा

आपल्या उपखंडात अवजड गटाचा राजा कोण, असे विचारले तर म्हातारी माणसे आजही एकच नाव घेतात, गामा. गामा १८७८ साली पंजाबात जन्मला, दतिया आणि पतियाळा संस्थानांच्या आश्रयाखाली वाढला आणि १९६० साली लाहोरला वारला. उंचीने तो बेताचाच. त्याचा खरा प्रतिस्पर्धी होता गुजरानवाल्याचा रहीमबख्श सुलतानीवाला. तो वयाने मोठा, उंचीने डोक्याच्याही वर. दोघांच्या पहिल्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या. इंग्लंडहून परतल्यावर अलाहाबाद येथे गामाने अखेर बाजी मारली. तरीही आपल्या तोडीचा मल्ल कोण, असे विचारले असता गामा रहीमबख्शचे नाव घेई, असे परंपरा सांगते.

१९१० साली गामा व त्याचा भाऊ इमामबख्श लंडनला गेले. तेथे गामाने अमेरिकेच्या रोलरला पाडले. १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची कुस्ती झाली. ती अडीच तासांहून अधिक वेळ चालली आणि बरोबरीत सुटली. आता तिसरा प्रश्न येथे लावून पाहा. आपल्या कुस्तीत पाठ जमिनीला लागली तरच माणूस हरतो. पालथा पडून राहिला तर तो हरलेला नसतो. लंडनच्या त्या सामन्यातही पालथे पडणे म्हणजे हार नव्हती. झिबिस्को कितीतरी वेळ गादीवर पालथा पडून, हातपाय फाकवून निव्वळ बचाव करीत राहिला. आठवड्याने फेरकुस्ती ठरली, पण तो आलाच नाही. नोंदवही सांगते 'बरोबरी'. पाहणारे काय सांगतील, हे वेगळे सांगायला नको. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे दोघे पुन्हा भिडले. दोघेही पन्नाशीला टेकलेले. एक मिनिट व्हायच्या आत गामाने त्याला अस्मान दाखवले.

येथवर सारे ठीक. कारण लंडनच्या वर्तमानपत्रांनी लिहून ठेवले, पतियाळ्याला हजारोंनी पाहिले. पण गामाने पाच हजार कुस्त्या केल्या आणि एकही हरला नाही, असेही सर्रास छापले जाते. थोडे गणित करू. पन्नास वर्षांत पाच हजार म्हणजे वर्षाला शंभर, आठवड्याला दोन. तालमीतल्या रोजच्या जोडीदारांशी धरलेल्या कुस्त्या जमेस धरल्या तरच हा आकडा समजण्यासारखा होतो. इनामी कुस्त्यांचा तो असूच शकत नाही. तसेच बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात एक प्रचंड दगड आहे. १९०२ च्या डिसेंबरात गामाने तो उचलला आणि त्याचे वजन १२०० किलो आहे, असे सांगितले जाते. आजच्या काळातला सर्वांत बलाढ्य भारोत्तोलक, जॉर्जियाचा लाशा तालाखाद्झे, याने २०२१ साली उचललेले विक्रमी वजन २६७ किलो होते. त्याच्या साडेचारपट वजन माणूस छातीशी धरून चालेल, हे शरीरशास्त्रात बसत नाही. कलवला असेल, कडेला धरून सरकवला असेल. तेवढेही थोर आहे. पण आपण प्रेमाने आकडा फुगवतो, आणि मग एका फुगलेल्या आकड्यामुळे ऐकणारा खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवीनासा होतो. वाचकहो, आपल्या थोर माणसांचे सर्वांत मोठे नुकसान त्यांचे निंदक करीत नाहीत, त्यांचे बेहिशेबी भक्त करतात.

घाटावरचे मल्ल

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर, वाई, सातारा, कऱ्हाड आणि पुढे कोल्हापूर. आपल्या जत्रांत 'घाटावरचा पैलवान आला' असे नुसते कळले की हलगीवाल्याचा हात आपोआप जलद होत असे. याचे कारण कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ सालच्या विलायत दौऱ्यात रोमचे प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि तशा धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ साली ते खुले झाले तेव्हा आखाड्यात उतरलेली जोड होती गामाचा भाऊ इमामबख्श आणि गुलाम मोहिद्दीन. पंजाबच्या मुसलमान मल्लांची कुस्ती, छत्रपतींचे मैदान आणि सर्व जातींचे प्रेक्षक! मैदानाचा नारळ अशा रीतीने फुटला, हे आपण विसरू नये.

या भूमीत पुढे जे अवजड मल्ल झाले त्यांतल्या दोघांच्या कारकिर्दी शेजारी ठेवून पाहा. गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे, जन्म १९३५. मारुती माने मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे, जन्म १९३७. दोघेही आजच्या सांगली जिल्ह्यातले. आंदळकर १९६० साली हिंदकेसरी झाले, माने १९६४ साली. १९६२ च्या जाकार्ता एशियाई स्पर्धेत दोघे एकाच संघातून गेले. आंदळकरांनी सर्वांत जड गटात ग्रीको-रोमन पद्धतीत सुवर्ण व फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. मानेंनी त्याखालच्या गटात फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. जणू एकाची नोंद आरशात धरली की दुसऱ्याची व्हावी! सांगा, मोठा कोण? माने २०१० साली गेले, आंदळकर २०१८ साली. दोघांच्या गावी हा वाद चालू असेल तर तो चालू द्यावा. इतिहासकाराने येथे बरोबरीचा निकाल देऊन दोघांच्या डोक्यावर फेटा बांधावा, हेच शहाणपणाचे.

दुसरे उदाहरण एका कुस्तीचे आणि एका कारकिर्दीचे. लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. १९७० साली त्यांनी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. दिल्लीचे सतपाल त्यांच्याहून लहान आणि अंगापिंडाने मोठे. १९७७ साली बेळगावात दोघांची कुस्ती झाली आणि बिराजदारांनी सतपालला हरवले. महाराष्ट्र त्या एका कुस्तीवर कितीतरी वर्षे जगला. पण सतपाल तेथे संपले नाहीत. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये त्यांनी १०० किलो गटात सुवर्ण जिंकले. त्या दिवशी बेळगावात कोण मोठा, याचे उत्तर बिराजदार. पदकांची रास कोणाची मोठी, याचे उत्तर सतपाल. दोन्ही उत्तरे खरी आहेत, कारण प्रश्न दोन आहेत.

याच सुमारास कोल्हापूरचे दादू चौगुले १९७० व १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी झाले, १९७३ साली हिंदकेसरी झाले आणि १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून रौप्यपदक घेऊन आले. आणि सोलापूरजवळच्या बोरामणी गावच्या एकाच शेख घराण्यातले तीन सख्खे भाऊ महाराष्ट्र केसरी झाले. इस्माईल १९८० साली, आप्पालाल १९९२ साली आणि मुन्नालाल २००२ साली. एकट्याची कारकीर्द मोजण्याची पद्धत येथे अपुरी पडते. येथे घराची कारकीर्द मोजावी लागते. बापाने शेतात केलेले कष्ट, आईने राखून ठेवलेले दूध आणि थोरल्याने धाकट्याला पहाटे उठवून काढायला लावलेले जोर, हे सारे त्या तीन सनांच्या मागे उभे असते. पुढे २०१८ साली बाला रफिक शेख यांनीही तीच गदा उचलली.

आणि एक नाव, जरी ते अवजड गटातले नसले तरी. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळवलेले ते पहिले वैयक्तिक पदक, आणि त्यानंतरचे दुसरे यायला १९९६ साल उजाडले. चव्वेचाळीस वर्षे अढळ राहिलेली ही नोंद सर्वांना उपलब्ध होती. तरीही १९८४ साली खाशाबा अपघातात गेले तोवर त्यांना म्हणावा तसा मान मिळाला नव्हता. अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच. नोंद असली म्हणजे आठवण राहतेच असे नाही. नोंद वाचणारा कोणी असावा लागतो.

चौथा प्रश्न आणि आपली वही

नोंद कोणी केली, हा तो चौथा प्रश्न. अलीची केली, कारण तेथे तिकिटे, करार आणि वर्तमानपत्रे होती. खाशाबांची केली, कारण ऑलिंपिक समिती होती. आंदळकर-मानेंची केली, कारण संघटना होत्या. आणि आमच्या त्या दोन मुलांच्या आजोबांची? ती कोणीच केली नाही.

त्या दोघांच्या भांडणाने माझी पाठ सोडली नाही. एका रविवारी मी दोघांनाही बरोबर घेऊन निघालो. महाडच्या घरी चाचांनी पत्र्याची ट्रंक उघडली. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्रीचे पाणी महाडात कसे शिरले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको. त्याच पावसाने तळियेवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेथे ट्रंकेचे काय घेऊन बसायचे? पण त्या ट्रंकेत आजोबांचा एक फोटो होता. चिखलाने फुगून त्याचे पापुद्रे सुटले होते. लंगोट लावलेली एक आकृती, खांद्यावर कोणाचा तरी हात. तो हात कोणाचा, ते आता दिसत नव्हते.

पोलादपूरकडच्या घरी आजीने एक फेटा काढून दाखवला. रंग गेलेला, घडीवर विरलेला. "हा जिंकल्याचा का?" मी विचारले. आजी म्हणाली, "जिंकल्याचा न्हाई गुरुजी, बरोबरीचा. पंचांनी दोघांनाबी बांधला हुता. दुसरा महाडात आसंल." चाचांकडे तो नव्हता. पण फेट्याची गोष्ट ऐकताच ते म्हणाले, "होता, होता. अब्बा मुंबईला गोदीत कामाला गेले तेव्हा अंगाखाली घालायला तोच घेऊन गेले."

अखेर जत्रेच्या मंडळात तेव्हा पोरसवदा असलेले एक नव्वदीचे गृहस्थ भेटले. त्यांची स्मृती शाबूत होती. ते म्हणाले, "एक कसली? तीन कुस्त्या झाल्या दोघांच्या." पहिली जत्रेत, पाऊण तास चालून बरोबरीत सुटली. दुसरी पुढच्या साली उरुसात, तीत महाडकर जिंकला. तिसरीला ते हजर नव्हते. पोलादपूरकर जिंकला असे त्यांच्या कानावर आले होते. चाचा म्हणतात, तिसरी झालीच नाही, पाऊस आला. आजी म्हणते, झाली, आणि पाऊस त्यानंतर आला.

मुले माझ्याकडे बघत होती. मी त्यांना म्हटले, लिहा. मुलांनी लिहिले. पहिली कुस्ती, निकाल बरोबरी, पुरावा एक फेटा व तीन साक्षी. दुसरी कुस्ती, निकाल महाड, पुरावा एक साक्ष. तिसरी कुस्ती, निकालाबाबत मतभेद, दोन्ही बाजू खाली दिल्या आहेत. खाली दोघांनी सही केली. एकमेकांच्या आजोबांच्या नावापुढे दोघांनीही 'पैलवान' असे लिहिले होते. मी सांगितले नव्हते.

आणि एक गोष्ट त्या नव्वदीच्या गृहस्थांनी जाता जाता सांगितली. महाडचे पैलवान वारले तेव्हा पोलादपूरचे पैलवान पायी निघून आले होते आणि कबरस्तानापर्यंत जनाज्याला त्यांनी खांदा सोडला नव्हता. तेव्हा कोणी तरी म्हणाले, "दमला असाल, बदला." ते म्हणाले, "याच्याखाली मी दमत नसतो." ही हकिगत निकालाच्या कोणत्याही रकान्यात बसत नव्हती. मुलांनी विचारले, "सर, हे कुठे लिहू?" मी म्हटले, "शेऱ्याच्या रकान्यात."

मग अली मोठा की फ्रेझर? मुलांना मी असे उत्तर दिले. तिघांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर मला अली मोठा वाटतो. त्याचे ५६ विजय हे त्याचे कारण नाही. तो कोणाकोणाशी लढला आणि ती तीन वर्षे सात महिने त्याने कशासाठी गमावली, हे त्याचे कारण आहे. पण १९७१ च्या त्या मार्च महिन्यातल्या रात्री फ्रेझर मोठा होता, आणि ते कोणीही त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही. तुम्हांला याहून वेगळे वाटत असेल तर वाटू द्या. पण आकडे समोर ठेवून वाटू द्या.

असो. लेख लांबला. आता आपल्याला एक विनंती. आपापल्या घरात, मोहल्ल्यात, वाडीत असा एखादा पैलवान, खलाशी, सुतार, तारवाचा तांडेल किंवा जुन्या शाळेतला मास्तर होऊन गेला असेल. त्याची हकिगत ज्यांना ठाऊक आहे ती माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत. त्यांच्याकडे बसा, विचारा आणि लिहून ठेवा. फुगवू नका. ठाऊक असेल तेवढेच लिहा. दोन मते असतील तर दोन्ही लिहा. शाळेच्या ग्रंथालयात आता एक जाड पुठ्ठ्याची वही ठेवली आहे, ती यासाठीच. तिच्या पहिल्या पानावर त्या तीन कुस्त्या आहेत. पुढची पाने कोरी आहेत. आणि पुराचे पाणी पोहोचणार नाही म्हणून ती वही आम्ही वरच्या मजल्यावर, सर्वांत वरच्या फळीवर ठेवतो.